आधी ‘पुरे’ म्हणायला शीक

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलंच मला, नोकरी लागल्याच्या आनंदापेक्षा त्या एका जेवणाचीच धास्ती तू जास्त घेतलीस. पुण्याला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जपानहून आलेल्या पाहुण्यांबरोबर जेवण, आणि दिवाळीनंतर दीड महिना जर्मनीत. “ताई, तिथं चार-चार काटे-चमचे मांडतात म्हणे. मी लाखनीची पोरगी, मले काय समजते त्यातलं?” असं म्हणालीस ना? ये, बस बघ इथं माझ्याजवळ. काट्या-चमच्यांचं काम अर्ध्या तासाचं आहे, ते मी शिकवतेच. पण त्याआधी दुसरंच काहीतरी शिकायचं आहे. ते मला कोणी सांगितलं नव्हतं गं, म्हणून तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात मी फार हिरमुसले होते.

झालं असं, की आम्ही जर्मनीत गेल्यावर तुझ्या भाऊजींच्या सोबतच्या एका बाईंनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. आलू उकडून लोण्यात परतलेले, कोबीची भाजी, ताजा पाव. मला कडाडून भूक लागलेली. पहिली वाढ संपली. तिनं भांडं पुढं करून विचारलं, आणखी घेणार? आणि मी आपली भंडाऱ्याच्या सवयीनं “नको, नको” म्हणाले. आपल्याकडं पहिलं ‘नको’ कोणी मोजतं का? दुसरंही नाही मोजत. तिसऱ्या वेळी पाहुणा “बरं, थोडंसंच” म्हणतो आणि वाढणारीचा जीव भांड्यात पडतो. पण त्या बाईनं मान हलवली, झाकण ठेवलं आणि भांडं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. संपलं! मी ते भांडं जाताना बघत राहिले. रात्री अकरा वाजता घरी येऊन मुरमुऱ्यांना तेल-तिखट लावून खाल्लं, आणि मनात तिला बोल लावत झोपले, की कशी ही माणसं, दुसऱ्यांदा विचारत पण नाहीत.

पुढं महिन्याभरानं ती आमच्याकडं आली. मी पाटवडीचा रस्सा केला, भरीत, पोळ्या, वरण-भात. ताट रिकामं झालं रे झालं, की मी वाढत होते. ती खात होती. पुन्हा रिकामं, पुन्हा वाढलं. शेवटी बिचारीचे डोळे पाणावले, मला वाटलं रस्सा तिखट झाला. खूप दिवसांनी ओळख वाढल्यावर तिनं सांगितलं, की त्यांच्या घरी ताटात काही टाकणं म्हणजे रांधणारीचा अपमान, म्हणून ती जीव मुठीत धरून संपवत होती. तिच्या मते रिकामं ताट म्हणजे ‘पुरे’. माझ्या मते रिकामं ताट म्हणजे ‘अजून वाढ’. दोघीही चांगल्याच वागत होतो, आणि दोघींनीही एकमेकींना त्रास दिला.

तेव्हापासून मी एक धरून ठेवलंय. कुठल्याही परक्या पंगतीला बसायचं, तर इथली माणसं ‘पुरे’ कसं म्हणतात, ते आधी बघायचं. काटा कोणत्या हातात, हे नंतर.

आणि तुला हे येत नाही असं समजू नकोस. तू लहानपणापासून पंगतीत जेवलीस. गावच्या लग्नात मांडवात पट्ट्या अंथरलेल्या असायच्या, पळसाच्या पानांची पत्रावळ, द्रोण, उडू नये म्हणून पत्रावळीवर खडा. वाढपी बादली घेऊन “वरण, वरण” करत यायचा, आणि तू भातात आळं करून ठेवायचीस. सगळ्यांना वाढून होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही. घरधनी येऊन हात जोडून “सावकाश होऊ द्या” म्हणाला, की मग सुरुवात. बुंदी नको असेल तर दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरायचे, अगदी अंगानंच झाकायची. आपलं लवकर आटोपलं तरी शेजारचे आजोबा जेवत असताना उठायचं नाही, पंगत एकत्र उठायची. बघ, यातलं कोणी तुला वर्गात बसवून शिकवलं होतं का? जर्मनीतल्या टेबलावरही सगळ्यांच्या पुढ्यात येईपर्यंत थांबतात, यजमान “गुटन आपेटीट” म्हणतात आणि मग सुरू करतात. ‘सावकाश होऊ द्या’चाच तो भाऊ समज.

आपल्या भंडारा जिल्ह्यातच मला हे पहिल्यांदा कळायला हवं होतं खरं तर. जवाहरनगरला आयुध निर्माणीची वसाहत आहे ना, तिथं केरळपासून बंगालपर्यंतची माणसं. शाळेतली माझी एक मैत्रीण मल्याळी होती. ओणमला तिच्या घरी केळीच्या पानावर जेवले. इतके पदार्थ, की मी पानावर कोणतं आधी खावं याच विचारात. जेवण झाल्यावर सगळ्यांनी पान दुमडलं, मीही दुमडलं, पण माझ्यापासून पलीकडं. तिच्या आईनं एक शब्द न बोलता, जाता जाता माझं पान उलगडून माझ्याकडं दुमडून ठेवलं. मैत्रिणीनं नंतर सांगितलं, स्वतःच्या बाजूला दुमडलं म्हणजे पोटभर जेवले, परत बोलवा. पलीकडं दुमडणं त्यांच्याकडं दुःखाच्या घरचं. मला अजून त्या माउलीचा हात आठवतो. चूक सुधारायची तर अशी, चारचौघांत न बोलता. तुझ्या शेजारी उद्या कोणी चुकलं, तर असंच कर.

मग हळूहळू मी जिथं जाईन तिथं ‘पुरे’ शोधायला लागले. आखाती देशांत अरबांच्या घरी छोट्या पेल्यात कॉफी देतात. पेला नुसता पुढं केला तर ते भरतच राहतात, नको असेल तर पेला हातात जरासा हलवून द्यायचा. चीनमध्ये जुन्या पद्धतीच्या घरी ताट पार स्वच्छ केलं तर यजमानाला वाटतं, अन्न कमी पडलं. तिथं घासभर राहू दिलेलं बरं. इराणी माणसं तर आपल्यासारखीच आहेत बघ. आधी नको म्हणायचं, मग आग्रह, मग पुन्हा नको, त्याला त्यांच्याकडं ‘तारुफ’ असं नावच आहे. आणि इथिओपियात जिवाभावाचं माणूस आपल्या हातानं घास करून तुमच्या तोंडात भरवतं, त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. तो नाकारायचा नसतो. लग्नात आपल्याकडं नवरा-नवरीला घास भरवायला लावतात, तेवढ्या लाडानं ते पाहुण्यालाही भरवतात. तर युरोपात ‘पुरे’ सुरी-काट्यानं म्हणतात. दोन्ही जोडून, शेजारी-शेजारी, ताटात ठेवले, की झालं. वाढणारा येऊन ताट उचलून नेतो. आणि ताटाच्या दोन कडांना उलट्या ‘व्ही’सारखे टेकवून ठेवले, तर अजून जेवते आहे, थांबा. एवढं एक ध्यानात ठेव, नाहीतर पाणी प्यायला म्हणून सुरी-काटा जोडून ठेवशील आणि अर्धं जेवण समोरून जाईल.

आता तुझं पहिलं जेवण. तू घाबरलीस, पण नीट विचार कर ना, पाहुणे पुण्याला येतायत. पाहुणे ते आहेत, तू नाहीस! पोळी कशी तोडावी, हातानं भात कसा कालवावा, ही काळजी त्यांना लागलेली असणार. तू त्यांना चमचा मागवून दे आणि स्वतः हातानं खुशाल जेव, म्हणजे ज्यांना हातानं खाऊन बघायचं आहे त्यांना धीर येईल. तिखट कोणतं, ते ताटात पडायच्या आधी सांग. आपली तर्री पुढं करून “खाऊन बघा” म्हणू नकोस, ते संकोचानं खातील आणि रात्रभर जागतील. आणि आग्रह एकदाच. खरं सांगू का, ज्याला ‘नको’ म्हणणं जड जातं त्याला आग्रह करणं म्हणजे छळच गं. जपानी माणूस तोंडावर नकार द्यायला फार संकोचतो, म्हणून त्याच्या शब्दांपेक्षा हाताकडं बघ. घास मंदावला, की समज.

पवनीजवळ रुयाडला महासमाधीभूमीचा स्तूप आहे, तो जपानी बौद्ध मंडळींच्या मदतीनं उभा राहिला. तिथं जपानचे पाहुणे येतात. मी तिथंच पहिल्यांदा त्यांना जेवायला बसताना पाहिलं. हात जोडले, मान झुकवली, “इतादाकिमास” म्हणाले, म्हणजे हे मी नम्रपणे घेतो. जेवण झाल्यावर “गोचिसोसामा”, रांधणाऱ्याचे आभार. आपल्याकडं ताटाला नमस्कार करून बसणारे आजोबा तुला आठवतात ना? तेच. हे दोन शब्द पाठ कर. बाकी काही चुकलं तरी या दोन शब्दांनी त्यांचा चेहरा खुलेल.

पुढं कधी त्यांच्या पद्धतीचं जेवण आलं, तर काड्यांविषयी दोनच गोष्टी जिवाला लावून घे. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, आणि एका काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास द्यायचा नाही. त्यांच्याकडं मृतापुढं भाताच्या वाटीत अशा काड्या उभ्या ठेवतात, आणि दहनानंतर अस्थी काडीवरून काडीवर देतात. हे एकदा कळलं ना, की पाठ करावं लागत नाही. आपल्या घरी पिंडाचा भात म्हटलं की कसं पोटात कालवतं, तसंच त्यांना होतं. बाकी काड्या नीट धरता आल्या नाहीत तर चमचा माग, त्यात कसली आलीय लाज.

वाटी मात्र हातात उचलून तोंडाजवळ न्यायची. मला हे फार जड गेलं. आजी ओरडायची ना, “ताट हातात घेऊन काहून जेवतेस, भिकाऱ्यावानी?” त्यांच्याकडं वाटी खाली ठेवून तोंड वाटीकडं नेणं असभ्य. आणि शेवया खाताना आवाज केला तर चालतो, उलट तसंच खातात. आपले बाबा कढीचा भुरका मारतात ना, त्यांना जपानला नेलं तर ते तिथं अगदी घरच्यासारखे बसतील. जर्मनीत मात्र भुरका नाही, ढेकर तर अजिबातच नाही. तृप्तीची ढेकर आपल्या आजोबांचं प्रशस्तिपत्र असायचं, तिथं ती असभ्य समजतात. आणखी एक, जपानी माणसांबरोबर असताना आपल्या पेल्यात आपणच ओतायचं नसतं. तू शेजाऱ्याचा भर, तो तुझा भरेल. तो ओतत असताना पेला दोन्ही हातांनी धर. दारू घेत नसशील तर बसल्या बसल्याच सांगून टाक, आणि “काम्पाई” म्हणताना पाण्याचा पेला उचल. कोणी काही म्हणत नाही.

आता जर्मनी, म्हणजे सुरी-काटा. यात तुझी खरी अडचण काय होणार, ते मला माहीत आहे, कारण ती माझीही झाली. काटा डाव्या हातात धरायचा असतो. डाव्या हातानं घास तोंडात घालायचा! आपल्याला लहानपणी डावा हात ताटाकडं गेला तरी आई चापट मारायची. वाढायचं उजव्या हातानं, घ्यायचं उजव्या हातानं, डावा हात पाण्याच्या गडव्याला. माझा हात दोन आठवडे वर जातच नव्हता. जिभेला चव लागायची नाही. मग मी एक युक्ती केली, तूही कर. दोन-चार तुकडे आधी कापून घ्यायचे, सुरी ताटाच्या कडेवर ठेवायची आणि काटा उजव्या हातात घ्यायचा. अमेरिकेत पुष्कळ लोक तसंच जेवतात, त्यात गैर काहीच नाही. पण सगळं ताट एकदम बारीक चिरून ठेवू नकोस, ते लहान मुलांसाठी करतात. दुसरा हात मांडीवर लपवू नकोस, मनगट टेबलाच्या कडेवर दिसू दे, तिथली तशी रीत आहे. सुरी कधीही तोंडात घालायची नाही. आणि ती चार-चार हत्यारं? बाहेरून आत यायचं. सर्वांत बाहेरचं पहिल्या पदार्थाला, मग त्याच्या आतलं. पाव डावीकडचा तुझा, पेला उजवीकडचा तुझा. हातरुमाल मांडीवर. झालं, सुटली ती भीती.

मला विचारशील तर काट्यापेक्षा गप्पांनी मला जास्त दमवलं. आपल्या घरी “जेवताना बोलू नये” असं ऐकत वाढलो आपण. तिथं गप्प बसून जेवलीस, तर यजमानीणबाईला वाटेल, हिला स्वयंपाक आवडला नाही, नाहीतर ही रागावली. म्हणून जाताना दोन-तीन विषय पदरात बांधून ने. आणि बाई, आपल्याकडं काय कमी आहे सांगायला? गावोगावचे मालगुजारी तलाव सांग, धानाला पाणी कसं देतात ते सांग. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचा ‘जय’ वाघ सांग, केवढा मोठा होता आणि २०१६ साली कसा दिसेनासा झाला. सारस पक्षी सांग, महाराष्ट्रात तो आपल्याच भागात उरलाय. मी एकदा धानाच्या रोवणीचं सांगायला लागले, चिखलात रांगेनं वाकून बायका रोपं कशा लावतात ते, तर सगळं टेबल ऐकत बसलं होतं. त्या दिवशी माझ्या ताटात भाताची चार शितं राहिलेली मलाच बघवेनात, मी ती वेचून खाल्ली. कोणी हसलं नाही.

तुझा तो हळूच विचारलेला प्रश्नही मी विसरले नाही. मांसाहार नको असेल तर काय? तू मासे खातेस, आपल्या तलावांचे झिंगे-मासे खाऊनच वाढलीस, पण बाकीचं नको वाटतं. मग आधी कळव, जेवणाच्या दोन दिवस आधी, दोन ओळींत. ताट समोर आल्यावर नाक मुरडायचं नाही आणि माफीही मागत बसायची नाही. १८८३ साली आपल्या दोन मराठी बाया समुद्रापार गेल्या, पंडिता रमाबाई इंग्लंडला आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला. दोघींनी तिथं शाकाहार सोडला नाही. रमाबाईंनी तर ख्रिस्ती धर्म घेतला, तरी आपलं ताट बदललं नाही. आज तर जर्मनीतल्या बहुतेक उपाहारगृहांत शाकाहाराची सोय असते. तू अवघड पाहुणी ठरशील, असं मनात आणू नकोस.

एक गोष्ट मात्र मला गंभीरपणे सांगायची आहे. या सगळ्या रीतींत चुकलीस तर चालेल, पण कोण कोणाशेजारी बसलंय, कोणाला शेवटी वाढतात, हे बघायला चुकू नकोस. आपल्या पंगतींमध्ये देखणं खूप होतं, पण पंक्तिभेदही होता गं. कोणाची पंगत वेगळी, कोणाला मांडवाबाहेर, बाया सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. तुझ्या-माझ्या आजीनं ते पाहिलंय, सोसलंय. काटा उजव्या हातात धरला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. पण टेबलाच्या टोकाला कोणी नवखं एकटं बसलं असेल, ड्रायव्हर दादा बाहेर गाडीत उपाशी असेल, तर ते तुला दिसलं पाहिजे. तिथल्या मोठ्या साहेबाला तुझी सुरी दिसणार नाही, पण मला खात्री आहे, हे दिसेल.

आता तालीम. उद्यापासून चार दिवस रोज संध्याकाळी अर्धा तास. तांदळाचे आयते कर आणि सुरी-काट्यानं कापून खा. ते मऊ असतात, हात बसायला बरे. मग वांग्याचं भजं, मग उकडलेला आलू. काड्यांसाठी फुटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत बस, भावाला पैज लाव. आईला समोर बसव आणि तिला सांग, मी सुरी-काटा जोडून ठेवला की वाढायचं नाही. बघू बरं, ती ऐकते का. ती नाही ऐकणार, ती आणखी एक आयता टाकणारच. तेव्हा तो खा. पुण्यात आणि जर्मनीत तो मिळणार नाही.

जर्मनीतल्या यजमानीणबाईंसाठी मोहाडीकडचा कोशाचा दुपट्टा घेऊन ठेव, नाहीतर भंडाऱ्याच्या पितळेची लहानशी घडवलेली वस्तू, बॅगेत मावेल अशी. तिथं भेट समोरच उघडून बघतात. आपल्यासारखी बाजूला ठेवून देत नाहीत, तेव्हा बावरू नकोस. आणि पुण्याच्या त्या जेवणाला उपाशी पोटी जाऊ नकोस, चार वाजता थोडं काहीतरी खाऊन घे. भुकेल्या पोटी हात थरथरतो आणि नीट ऐकूही येत नाही, हे माझ्या अनुभवाचं आहे.

जेवण आटोपलं की रात्री कितीही वाजू दे, फोन कर. कोण काय बोललं ते उद्या सांगितलंस तरी चालेल. आधी सांग, पोटभर जेवलीस का?